ओ-टू की ओ-थ्री? एका बुद्धिबळ-इंजिनाच्या बिल्डची गोष्ट

आधी कबुली देऊन टाकतो. पहिले आठ महिने माझं बुद्धिबळ-इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, कुठल्याही ऑप्टिमायझेशनशिवाय, म्हणजे वेगासाठी काहीच सुधारणा न करता, बिल्ड होत होतं. मेकफाइल, म्हणजे बिल्ड कसा करायचा ते सांगणारी फाइल, एका जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली. तिच्यात डीबगरसाठी लागणारा 'जी' हा पर्याय होता, ओ-टू, ओ-थ्री वगैरे ऑप्टिमायझेशनची पातळी सांगणारं काहीच नव्हतं. जीसीसी हा माझा कंपायलर, लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. आपण काही सांगितलं नाही की तो ओ-झिरो धरतो. म्हणजे कोड लिहिलाय तसा, ओळीमागून ओळ, प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत ठेवायचं आणि पुढच्या ओळीला पुन्हा तिथूनच उचलायचं. त्याच आठ महिन्यांत मी हत्ती आणि उंटाच्या चाली शोधणारा कोड तीन वेळा नव्याने लिहिला, कारण काय, तर इंजिन फार हळू आहे.

एका रात्री दुसरंच काही शोधताना बिल्डची ओळ स्क्रीनवरून सरकली आणि मी थबकलो. ओ-टू घातलं, पुन्हा बिल्ड केलं, चालवलं. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींचा आकडा जवळजवळ चौपट. तीन वेळा कोड लिहून मी जेवढं मिळवलं होतं त्याच्या कितीतरी जास्त, दोन अक्षरांत. आनंद झाला, पण थोडी शरमही वाटली. आणि मग हाव सुटली. ओ-टूने चौपट, तर ओ-थ्रीने किती? आणि त्यापुढे जे पन्नासेक पर्याय मॅन्युअलमध्ये दिलेत त्यांनी?

वेगाची एवढी हाव का, हे बुद्धिबळाच्या बाबतीत समजणं सोपं आहे. इंजिन अल्फा-बीटा पद्धतीने पुढच्या खेळ्यांचं झाड धुंडाळतं. जेवढ्या स्थिती जास्त बघता येतील तेवढी खोली जास्त. इंजिन लिहिणाऱ्यांमध्ये जुना ठोकताळा असा की वेग दुप्पट झाला तर ताकद साधारण ५० ते ७० एलो गुणांनी वाढते (एलो म्हणजे खेळाडूची ताकद मोजायचे गुण). इंजिन मुळात तगडं असेल किंवा विचाराला वेळ भरपूर असेल तर त्याहून कमी. हा ठोकताळा धरून मी वहीत हिशेब केला. वेग १५ टक्के वाढला तर बारा-एक गुण. ३ टक्के वाढला तर अडीच. आता अडीच गुणांचा फरक डाव खेळवून पकडायचा म्हटलं तर किती डाव लागतील? चाळीस टक्के डाव बरोबरीत सुटतात असं मानलं तर हजार डावांनंतरसुद्धा निकालात १७ गुण इकडे किंवा तिकडे एवढी अनिश्चितता उरते. अडीच गुण दिसायला चाळीस हजारांहून जास्त डाव हवेत. माझ्याकडे एकच मशीन. तेव्हा छोटे फरक घड्याळ लावूनच मोजायचे आणि डाव खेळवायचे ते अगदी शेवटी, एकदाच, असं ठरवलं.

घड्याळ लावण्याआधी आणखी एक गोष्ट लागते, आणि ती मी केली होती म्हणून पुढचं सगळं निभावलं. स्टॉकफिश या नामांकित इंजिनात 'बेंच' नावाची आज्ञा आहे: ठरलेल्या काही स्थिती घ्यायच्या, प्रत्येक ठरावीक खोलीपर्यंत तपासायची, आणि एकूण किती स्थिती पाहिल्या तो आकडा छापायचा. एकाच थ्रेडवर चालवलं तर हा आकडा दर वेळी तोच यायला हवा, कारण तो फक्त विचाराच्या तर्कावर अवलंबून असतो, वेगावर नाही. कंपायलर बदला, मशीन बदला, पर्याय बदला, आकडा हलता कामा नये. हलला तर इंजिन वेगळा विचार करतंय, आणि मग वेगाची तुलना फुकट. मी तस्संच बेंच माझ्या इंजिनात बसवलं होतं, बारा स्थितींचं.

ओ-झिरो आणि ओ-टूचा आकडा तंतोतंत एक आला. ओ-थ्री लावलं आणि आकडा बदलला.

फार नाही, काही लाखांत थोडेसे हजार इकडेतिकडे. माझी पहिली प्रतिक्रिया जी कुणाचीही असते तीच होती: कंपायलरमध्ये बग आहे. ओ-थ्री बदनाम आहेच, 'ओ-थ्री कोड मोडतं' हे आपण कॉलेजपासून ऐकत आलोय. दोन संध्याकाळी मी जीसीसीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवून पाहण्यात घालवल्या. सगळ्या आवृत्त्यांचा ओ-थ्रीचा आकडा एकच, आणि ओ-टूपेक्षा वेगळा. इतक्या आवृत्त्यांमध्ये एकच बग इतक्या एकजुटीने टिकून राहील, हे माझं मलाच पटेना.

पर्फ्ट चाचणी करून पाहिली. यात खोली देऊन फक्त एकूण खेळ्या मोजायच्या असतात, आणि उत्तरं जगजाहीर आहेत. सुरुवातीच्या स्थितीतून सहा अर्धखेळ्यांनंतर ११,९०,६०,३२४. आले. 'किवीपीट' नावाची एक मुद्दाम गुंतागुंतीची स्थिती सगळे वापरतात, तिची पाच खोलीची संख्या १९,३६,९०,६९०. तीही आली. ओ-टू, ओ-थ्री दोन्हीकडे. म्हणजे चाली शोधण्याचा कोड बरोबर, असं मी मानलं आणि आणखी एक संध्याकाळ शोध घेणाऱ्या कोडमध्ये डोकं घालून बसलो.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे ज्याचं काय व्हावं हे भाषेच्या नियमांत ठरलेलंच नाही असं काही, पकडणारा सॅनिटायझर लावून बिल्ड केला आणि बेंच सोडलं. पहिल्याच सेकंदाला स्क्रीन संदेशांनी भरून वाहायला लागली. सगळीकडे एकच तक्रार: ६४ बिटांच्या संख्येला ६४ घरं सरकवताय, हे चालणार नाही.

प्रकरण असं होतं. पटाच्या ६४ घरांना मी ० ते ६३ असे क्रमांक दिले होते, ए१ म्हणजे ०. एन पासां (एकदम दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने त्याने ओलांडलेल्या घरावर जाऊन मारणं) शक्य असेल तर त्या घराचा क्रमांक साठवायचा, नसेल तर ६४ लिहायचं, म्हणजे 'कुठलंच घर नाही'. आणि चाली शोधताना मी न तपासता १ हा आकडा तेवढी घरं डावीकडे सरकवून त्या घराचा बिट बनवत होतो. सीमध्ये ६४ बिटांची संख्या ६४ने सरकवणं अव्याख्यात आहे. कंपायलर त्याचं काहीही करू शकतो. प्रत्यक्षात एक्स-८६ प्रोसेसर सरकवण्याच्या आकड्याचे खालचे सहा बिटच बघतो, ६४चं होतं ०, आणि उत्तर येतं १. म्हणजे ए१चा बिट. थोडक्यात, एन पासां शक्य नसताना माझं इंजिन दर वेळी समजत होतं की ते ए१वर शक्य आहे.

मग पर्फ्टमध्ये हे का दिसलं नाही? कारण ए१वर तिरकं मारू शकणारं प्यादं एकच, बी२वर पोचलेलं काळं प्यादं. सुरुवातीच्या स्थितीतून काळं प्यादं बी२वर जाऊन पुन्हा काळ्याची पाळी येईपर्यंत दहावी अर्धखेळी उजाडते. किवीपीटमध्ये काळं प्यादं बी४वर आहे. ते सी३चा घोडा मारून, मग बी२चं प्यादं मारून तिथे पोचतं आणि पुढची काळ्याची पाळी येते ती सहाव्या अर्धखेळीला. मी पाचवर थांबलो होतो. सहाव्या खोलीची संख्या ८,०३,१६,४७,६८५ आहे, तेवढा वेळ कोण थांबणार, म्हणून. नंतर मोजायला लावली तेव्हा जेमतेम चहा होण्याइतकाही वेळ लागला नाही.

आणि ओ-थ्रीने काय केलं? ओ-थ्रीमध्ये एक गोष्ट चालू होते जी ओ-टूत नसते: एखाद्या फंक्शनला कुठून तरी ठरावीक स्थिर किंमत दिली जात असेल तर कंपायलर त्या किमतीसाठी फंक्शनची वेगळी प्रत बनवतो. माझ्या कोडमध्ये नल मूव्हच्या वेळी, म्हणजे आपली पाळी मुद्दाम सोडून बघताना, एन पासांचं घर म्हणून सरळ ६४ पाठवलं जात होतं. कंपायलरला तो ६४ आधीच दिसला, त्याने सरकवण्याचा हिशेब बिल्डच्या वेळीच उरकला आणि उत्तर धरलं शून्य. म्हणजे त्या फांदीत ओ-थ्रीचं इंजिन चुकून बरोबर खेळत होतं. ज्या ओ-टूला मी प्रमाण मानून बसलो होतो तेच चूक होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा मी.

ही भानगड डावांत कधी जाणवली नाही याचं कारण एवढंच की मी खेळी करताना पटाची प्रत काढतो आणि मागे येताना जुनी प्रत वापरतो, त्यामुळे ए१वर जाऊन बसलेलं ते भुताचं प्यादं त्या फांदीपुरतंच जगायचं. एका 'जर'ने दुरुस्ती झाली. बेंचला तिसराच आकडा आला, आणि आता तो ओ-झिरोपासून ओ-थ्रीपर्यंत सगळीकडे एकच. तो आकडा मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला.

आता खरी स्पर्धा. ओ-टूवर बेंच: एक वेळ. ओ-थ्रीवर: थोडा कमी वेळ. चला, ओ-थ्री जिंकलं. खात्रीसाठी परत ओ-टू: आता ते पुढे. परत ओ-थ्री: दोघांपेक्षाही मागे. तासभर हा खेळ चालला तेव्हा कळलं की मी कंपायलर मोजत नसून पंखा मोजतोय. प्रोसेसर थंड असताना टर्बोत धावतो, तापला की हळू होतो, म्हणून जो आधी चालेल तो जिंकतो. मग नीट शिस्त लावली. प्रोसेसरची वारंवारता बांधून टाकली, टर्बो बंद, प्रोग्राम एकाच कोअरवर डांबला, आणि दोन बिल्ड आळीपाळीने, हा-तो-हा-तो असे तीस-तीस वेळा. सरासरीच्या जागी मध्यक घेतला, कारण मध्येच कुठला तरी अपडेट जागा होतो आणि एखादा आकडा वाहवत जातो.

एवढं करून उरलेला फरक? ओ-थ्री एक-दीड टक्का पुढे. खूश होणार तेवढ्यात सहज म्हणून मेकफाइलमधला ऑब्जेक्ट फाइलींचा क्रम उलटा केला. कोड तोच, पर्याय तेच, फक्त लिंक करण्याचा क्रम वेगळा. वेग दोन टक्क्यांहून जास्त हलला. म्हणजे ज्या फरकावर मी विजयी घोषित करत होतो त्याहून मोठा फरक फाइलींच्या रांगेने पडत होता. कारण असं की कोड मेमरीत कुठे पडतो यावर कॅशच्या ओळी, ब्रँच प्रेडिक्टरचे खण, लूपची सुरुवात कुठल्या सीमेवर येते हे सगळं ठरतं.

हे माझ्याच नशिबी आलं असं नाही. २००९मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की लिंकचा क्रम किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी एवढ्या क्षुल्लक गोष्टींनी ओ-थ्री फायद्याचं की तोट्याचं हा निष्कर्षच उलटू शकतो. २०१३मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर यांनी मेमरीतली मांडणी सतत बदलत ठेवून मोजमाप केलं, तेव्हा त्यांच्या चाचणीतल्या प्रोग्रामांवर ओ-टू आणि ओ-थ्री यांतला फरक निव्वळ गोंगाटापासून वेगळा काढता आला नाही. हे वाचून मला फार हलकं वाटलं. मी ओ-थ्री ठेवलं, पण ते जिंकलं म्हणून नव्हे. दोन्ही सारखीच आहेत तर भांडण मिटवायला एक निवडलं.

यापुढचा पर्याय 'एम-आर्च-नेटिव्ह'. कितीतरी दिवस मी तो मनात 'मार्च' असाच वाचत होतो, लष्करी कवायतीसारखा. तो 'एम' मशीनचा आणि 'आर्च' आर्किटेक्चरचा. अर्थ असा की याच मशीनच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं बेधडक वापर. बुद्धिबळाच्या इंजिनाला यातली एक सूचना फार प्रिय: पॉपकाउंट, म्हणजे ६४ बिटांत किती बिट चढे आहेत ते एका फटक्यात मोजणं. किती घरांवर हल्ला आहे, किती प्यादी उरली, सगळीकडे तीच लागते. इंटेलमध्ये ती २००८च्या नेहेलमपासून आहे. पण कंपायलरला सांगितलं नाही तर तो सावधपणे त्याहूनही जुन्या प्रोसेसरांसाठी कोड बनवतो आणि दर मोजणीला एका लायब्ररी-फंक्शनकडे धाव घेतो. त्यामुळे इथे घसघशीत फायदा होणार अशी मला खात्रीच होती.

बिल्ड केलं. आकडा कागदावरचाच, छान. वेग... कमी झाला. आधीपेक्षा स्पष्ट कमी, इतका की तीस वेळा मोजायची गरजच नव्हती.

हे कोडं मात्र एका संध्याकाळीच सुटलं. हत्ती-उंटाच्या चालींसाठी मी दोन मार्ग लिहून ठेवले होते. एक 'मॅजिक' गुणकांचा: वाटेतल्या मोहऱ्यांचे बिट घ्यायचे, खास शोधलेल्या संख्येने गुणायचं, सरकवायचं, आणि मिळालेल्या क्रमांकावर तक्त्यातून उत्तर उचलायचं. दुसरा 'पेक्स्ट' या सूचनेचा, जी हवे तेवढे बिट वेचून एकत्र करते, गुणाकाराची गरजच नाही. पेक्स्ट बीएमआय-टू या संचातली, इंटेलमध्ये २०१३च्या हॅसवेलपासून. माझ्या कोडमध्ये अट होती की बीएमआय-टू उपलब्ध असेल तर पेक्स्टचा मार्ग घे. नेटिव्ह म्हटल्याबरोबर ती अट खरी झाली. अडचण अशी की माझा प्रोसेसर झेन-टू पिढीतला एएमडी. त्याला पेक्स्ट 'येते', पण आतमध्ये मायक्रोकोडमधून, कित्येक पट सायकल खाऊन. झेन-थ्रीपासून, म्हणजे २०२०पासून, ती तिथेही झटपट झाली. कागदोपत्री क्षमता आहे आणि कामाची गती नाही, असे लोक आपण पाहिलेत, प्रोसेसरही असतात. पेक्स्टचा निर्णय मी बीएमआय-टूपासून तोडून मेकफाइलमधला स्वतंत्र खटका केला, मॅजिक परत आणलं, आणि मग पॉपकाउंटचा फायदा दिसला.

त्याच उत्साहात बिल्ड एका मित्राला पाठवला. त्याला बुद्धिबळाची आवड, आणि घरी एक जुनं, २०१२ सालच्या प्रोसेसरचं मशीन. पाच मिनिटांत फोन.

"अरे, हे सुरूच होत नाही. इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणतंय. काय बेकायदेशीर पाठवलंयस?"

त्याच्या प्रोसेसरला एव्हीएक्स-टू हा रुंद रजिस्टरांवरच्या सूचनांचा संच ठाऊक नाही, बीएमआय-टू ठाऊक नाही. नेटिव्हचा अर्थ 'माझ्या मशीनसाठी' हे मी विसरलो होतो. २०२०मध्ये यासाठी पायऱ्या ठरवल्या गेल्या आहेत: एक्स-८६-६४चा दुसरा स्तर म्हणजे पॉपकाउंट आणि एसएसई ४.२पर्यंत, तिसरा स्तर म्हणजे एव्हीएक्स-टू, बीएमआय, एफएमए वगैरे. जीसीसी ११पासून हे नाव सरळ एम-आर्चला देता येतं. मी वाटण्यासाठी दुसरा स्तर निवडला. माझ्या इंजिनाचं मूल्यमापन हाताने लिहिलेलं, पूर्णांकी आहे, त्याला एव्हीएक्स-टूने फारसं काही मिळत नव्हतं. न्यूरल नेटवर्क असतं तर गोष्ट वेगळी. स्टॉकफिशने २०२०च्या बाराव्या आवृत्तीत एनएनयूई नावाचं न्यूरल नेटवर्क घेतलं, ते अशा रुंद रजिस्टरांवरच पोसलं जातं, तिथे दुसऱ्या स्तरावर राहणं परवडणार नाही.

ओ-फास्टची कथा छोटी. लावलं, बेंचचा आकडा बदलला. आता मी शहाणा झालो होतो, कंपायलरवर आळ घेतला नाही. इंजिनात दशांश गणित एकाच ठिकाणी होतं: मागच्या क्रमांकाच्या खेळ्या किती कमी खोलीने तपासायच्या याचा तक्ता, लॉगरिदम वापरून सुरुवातीला भरलेला. लूप शून्यापासून सुरू होत होता. शून्याचा लॉग उणे अनंत, त्याला एकाच्या लॉगने म्हणजे शून्याने गुणलं की उत्तर 'आकडाच नाही', ज्याला नॅन म्हणतात. साध्या बिल्डमध्ये पुढचं 'शून्य किंवा मोठं ते' हे फंक्शन नशिबाने त्याचं शून्य करत होतं. ओ-फास्ट म्हणजे आपण कंपायलरला दिलेलं वचन की अनंत आणि नॅन कधी येणारच नाहीत. मी वचन मोडलं होतं. लूप एकपासून सुरू केला, आकडा परत आला. पण मुळात दशांश गणित नाहीच तर ओ-फास्ट हवंय कशाला, म्हणून काढूनही टाकलं.

एलटीओ, म्हणजे लिंकच्या वेळी सगळ्या फाइली एकत्र बघून ऑप्टिमाइझ करणं. लावलं, दोन-तीन टक्के मिळाले, लिंकच्या क्रमाचा चावटपणाही बराच कमी झाला. ठेवलं. याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

सगळ्यात मोठं घबाड पीजीओमध्ये निघालं, प्रोफाइल बघून ऑप्टिमाइझ करण्यात. आधी एक बिल्ड करायचा ज्यात जागोजागी मोजणारे बसवलेले असतात. तो चालवायचा. मग त्या मोजणीच्या फाइली देऊन पुन्हा बिल्ड. कंपायलरला एरवी अंदाजच करावा लागतो की अमुक 'जर' बहुतेक खरा होतो की खोटा. बुद्धिबळाचा शोध म्हणजे 'जर'चं जंगल: हॅश टेबलमध्ये, म्हणजे आधी पाहिलेल्या स्थितींच्या नोंदींत, सापडलं तर, शह असेल तर, छाटता आलं तर. तिथे खरी आकडेवारी मिळाली की तो नेहमीची वाट सरळ रेषेत मांडतो, आडवाटा लांब नेऊन ठेवतो, आणि कुठलं फंक्शन उलगडून आत घ्यायचं हे नीट ठरवतो.

पहिल्या प्रयत्नात मोजणीच्या फाइलीच तयार झाल्या नाहीत. इंजिन मी माझ्या स्क्रिप्टमधून चालवत होतो आणि काम झालं की ती त्याला ठार मारत होती. त्या फाइली लिहिल्या जातात प्रोग्राम नीट, आपल्या पावलांनी बाहेर पडताना. दुसऱ्या प्रयत्नात चार थ्रेड लावले, लवकर होईल म्हणून. मोजणारे एकमेकांच्या आकड्यांवर लिहीत सुटले आणि कंपायलरने प्रोफाइल खराब आहे म्हणून इशारे दिले. तिसऱ्या वेळी एका थ्रेडवर, शांतपणे. वेग १५ टक्क्यांच्या आसपास वाढला. एवढा फरक तीस मोजण्यांशिवायही डोळ्यांना दिसतो.

इथे थांबलो असतो तर फसलो असतो. मनात एक खडा होता: सराव ज्या बारा स्थितींवर, परीक्षाही त्याच बारांवर? शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण शीत आपणच निवडून वर ठेवलेलं असेल तर? वेगळ्या चाळीस स्थिती गोळा केल्या, त्यात दहा-बारा राजा-प्याद्यांच्या आणि हत्तींच्या अंतिम पर्वातल्या. मध्यपर्वात फायदा जवळपास तेवढाच. पण काही अंतिम स्थितींत नवा बिल्ड जुन्यापेक्षा चक्क हळू.

कारण मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं आहे. प्रोफाइल दिलं की सरावात ज्या भागाला एकदाही हात लागला नाही तो जीसीसी वेगासाठी नाही तर आकार कमी करण्यासाठी बांधतो. तर्क बरोबर आहे, जे चालतच नाही त्यावर जागा का घालवा. पण माझ्या बाराही स्थिती मध्यपर्वातल्या होत्या. प्यादं आधी पोचतं की राजा, हे बघणारं फंक्शन सरावात एकदाही कुणी बोलावलं नाही. कंपायलरच्या लेखी ते अडगळ. जीसीसी १०पासून 'सराव अपुरा आहे असं धर' असं सांगणारा एक पर्याय मिळतो, तो लावूनही पाहिला. त्याने ती घसरण थांबली, पण मध्यपर्वातला थोडा फायदाही गेला. त्यापेक्षा सरावाच्याच स्थिती सुधारल्या: सुरुवात, मध्य, शेवट, मात जवळ असलेल्या, हत्तींच्या रटाळ बरोबरीच्या, बढतीच्या शर्यतीच्या. बेंच बाराचं तीसचं झालं, कागदावरचा आकडा खोडून नवा लिहिला. चाळीस परक्या स्थितींवर आता कुठेही उलटं पडलं नाही.

एवढं होईपर्यंत मला पर्याय चाळायचं व्यसनच लागलं होतं. लूप उलगडणारा पर्याय: काही नाही. इनलाइनची मर्यादा वाढवणं: काही नाही, उलट कोड फुगला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बिल्ड: जीसीसीच्या थोडं मागे, पुढच्या आठवड्यात मूल्यमापनाचा कोड बदलला तर थोडं पुढे. मग प्रोफायलर लावून पाहिलं तर प्रोसेसरचा बराच वेळ हॅश टेबलमधली नोंद रॅममधून येण्याची वाट बघण्यात जात होता. यात कुठल्याच ओ-अमुकने फरक पडणार नव्हता. खेळी करण्याआधीच तिचा हॅश काढून ती नोंद मागवून ठेवणारी प्रीफेचची एक ओळ घातली, आणि टेबलसाठी ४ किलोबाइटच्या जागी २ मेगाबाइटची मोठी पानं मागितली. या दोन गोष्टींनी जे दिलं ते माझ्या मागच्या दोन आठवड्यांच्या सगळ्या चाळवाचाळवीपेक्षा जास्त होतं. त्यानंतर पर्यायांची यादी मी बंद केली.

शेवटी डाव. जुना साधा ओ-टू बिल्ड विरुद्ध नवा ओ-थ्री, एलटीओ, पीजीओ, दुसऱ्या स्तराचा बिल्ड. दोघांचा कोड एकच, प्रीफेचसकट. अर्थात वेळेच्या बंधनावर, कारण ठरावीक खोलीवर खेळवले तर दोघं अगदी सारखंच खेळणार. डावांची संख्या आधी न ठरवता वाल्डची क्रमिक चाचणी लावली: शून्य गुणांचा फरक आणि दहा गुणांचा फरक यांतलं काय जास्त संभवतं याचा हिशेब प्रत्येक डावानंतर, आणि पुरेशी खात्री झाली की थांबायचं. दहा गुण म्हणजे शंभरात ५१.४ गुणांची अपेक्षा, एवढ्याशा कलाची वाट बघणं म्हणजे काय ते कळलं. पहिल्या रात्री जुना पुढे होता. दुसऱ्या रात्री आलेख पुन्हा शून्यावर. चौथ्या सकाळी उठलो तेव्हा चाचणी आपोआप थांबलेली होती, नव्याच्या बाजूने.

तोच बिल्ड मित्राला पाठवला आणि फोनवर त्याला आधी बेंच चालवायला लावलं. त्याने आकडा वाचायला सुरुवात केली, मी कागदावर बोट ठेवून एकेक अंक जुळवत होतो. त्याच्या २०१२च्या मशीनवर वेग माझ्या निम्म्याच्या आसपास, पण आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच.

"जुळला!" मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, "पण हे खेळतं कसं ते सांग ना. मी कधीचा पांढरी घेऊन बसलोय."